रोममधील ‘स्वेच्छेचे मरण’, राजसत्ता आणि आजचा दृष्टिकोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमचा इतिहास वाचू लागले की कॅटो, ब्रूटस, कॅसियस, सेनेका, थ्रासिया, ओथो अशी नावे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाचा शेवट स्वतःच्या हातून किंवा सांगण्यावरून झालेला आढळतो. त्यावरून ‘रोमन लोक आत्महत्येला मान देत असत आणि आपण मात्र तिला कमीपणा मानतो’ असा एक ठोकळ निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष अपुरा आहे आणि काही बाबतींत दिशाभूल करणाराही आहे, म्हणून वाचकांच्या मनात नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. मृत्यूच्या पद्धतींचे वर्णन जाणीवपूर्वक टाळले आहे. विषय समजण्यासाठी त्याची गरज नाही.

हा विषय वाचताना मन अस्वस्थ झाले, किंवा असे विचार स्वतःच्याच मनात येत असतील, तर काय करावे?

वाचन थांबवून विश्वासातल्या एखाद्या माणसाशी लगेच बोलावे. भारतात ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. परदेशातील वाचकांनी तेथील आपत्कालीन सेवेशी किंवा साहाय्यवाणीशी संपर्क साधावा. पुढील सर्व मजकूर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राज्यव्यवस्थेविषयी आहे आणि कोणाच्याही आजच्या दुःखाला तो उत्तर देऊ शकत नाही.

रोमन लोकांकडे ‘आत्महत्या’ या अर्थाचा शब्द होता का?

एकच एक असा शब्द नव्हता. युरोपीय भाषांत आज रूढ असलेला ‘सुइसाइड’ हा शब्द लॅटिन धातूंपासून घडवलेला असला तरी तो अभिजात लॅटिनमध्ये सापडत नाही, कारण तो फार नंतर तयार झाला. रोमन लेखक ‘मॉर्स व्हॉलुन्तारिया’, म्हणजे स्वेच्छेचे मरण, असे म्हणत, किंवा ‘त्याने स्वतःविषयी निर्णय घेतला’ अशी वाक्यरचना करत. आपल्या ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ आहे, म्हणजे अपराधाची छटा शब्दातच बसलेली आहे. लॅटिन शब्दप्रयोगात ‘इच्छा’ पुढे येते. मात्र शब्दात इच्छा आहे म्हणून प्रसंगातही ती होतीच, असे गृहीत धरता येत नाही. या पानावरील बहुतेक उत्तरे शेवटी याच मुद्द्यापाशी येऊन पोहोचतात.

कॅटोने सीझरची क्षमा का नाकारली?

मार्कस पोर्सियस कॅटो हा रोमन प्रजासत्ताकाचा कडवा समर्थक होता. इ.स.पू. ४६ मध्ये आफ्रिकेतील थाप्ससच्या लढाईत ज्युलियस सीझरने प्रजासत्ताकवादी सैन्याचा पराभव केला, तेव्हा कॅटो आजच्या ट्युनिशियात असलेल्या युटिका या नगराचा कारभार पाहत होता. सीझर त्याला जीवदान देण्याची शक्यता मोठी होती. जिंकलेल्या शत्रूला माफ करणे हे सीझरचे धोरणच होते आणि त्याला ‘क्लेमेन्शिया’ असे नाव होते.

अडचण नेमकी तिथेच होती. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो धनी ठरतो आणि क्षमा स्वीकारणारा त्याचा ऋणाईत. प्रजासत्ताकात एका नागरिकाने दुसऱ्या नागरिकाचे प्राण राखण्याची मेहेरबानी करावी, ही कल्पनाच कॅटोच्या दृष्टीने बेकायदा होती. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिलेल्या वृत्तान्तानुसार, ज्यांच्यावर स्वामित्व गाजवण्याचा सीझरला अधिकारच नाही त्यांना तो स्वामी असल्यासारखे वाचवू पाहतो, म्हणून या अन्यायाबद्दल त्याचे आभार मानण्याची आपली तयारी नाही, असे कॅटोने सांगितले होते. बातमी कळल्यावर सीझर म्हणाला की, कॅटो, तू मला तुझे प्राण वाचवू दिले नाहीस, म्हणून मलाही तुझ्या या मरणाचा हेवा वाटतो.

पुढे या मरणावरून लेखणीचे युद्ध झाले. वक्ता आणि विचारवंत सिसेरोने कॅटोची स्तुती करणारा ग्रंथ लिहिला आणि सीझरला त्याचे खंडन करणारा ग्रंथ लिहावासा वाटला. सीझरच्या विजयमिरवणुकीत पराभूतांच्या अंताची चित्रे मिरवली गेली तेव्हा जमाव हळहळला, असे इतिहासकार अॅपियनने नोंदवले आहे. जिवंत कॅटोचा पराभव करता आला होता, पण मृत कॅटो सत्ताधाऱ्यांना पुढची शंभर वर्षे जड गेला.

येथे एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. प्लुटार्कच्याच वृत्तान्तात कॅटो शेवटच्या दिवशी युटिकातील लोकांना जहाजांतून सुखरूप बाहेर काढण्याच्या खटपटीत दिसतो. आपल्या मुलाने किंवा सहकाऱ्यांनी आपल्या मागे यावे, असे त्याने सुचवलेले नाही.

पराभूत झालेल्या सर्वांनी कॅटोसारखेच वागावे, अशी रोमन समाजाची अपेक्षा होती का?

नाही, आणि हे खुद्द सिसेरोने स्पष्ट केले आहे. कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, आफ्रिकेत सीझरला शरण गेलेल्या इतरांनी कॅटोसारखे केले असते तर कदाचित त्यांना दोष दिला गेला असता, कारण त्यांचा स्वभाव आणि जगण्याची रीत वेगळी होती. कॅटोचे आयुष्यभराचे कठोर वागणे आणि त्याचा शेवट यांत सुसंगती होती, म्हणून ते त्याला शोभले, असा हा युक्तिवाद आहे. म्हणजे कॅटोच्या निस्सीम चाहत्यानेसुद्धा त्याच्या मरणाचा नियम केला नाही.

खुद्द सिसेरो सीझरची क्षमा स्वीकारून जगला आणि त्या जगण्याच्या काळातच त्याने आपले बहुतेक तत्त्वज्ञानविषयक लेखन केले. रोमन विचाराच्या दृष्टीने पाहता ही बाब कॅटोच्या मरणाइतकीच महत्त्वाची आहे, असे मला वाटते.

सम्राटांच्या काळात नेमके काय बदलले?

प्रजासत्ताकाच्या अखेरीस ज्या कृतीचा अर्थ ‘मी तुझी सत्ता मानत नाही’ असा होता, तीच कृती पुढच्या शंभर वर्षांत सत्तेच्या आज्ञेवरून होऊ लागली. राजद्रोहाचा आरोप असलेल्या उच्चकुलीन माणसाला ‘लिबेरुम मॉर्टिस आर्बिट्रियम’, म्हणजे मृत्यूची निवड करण्याचे स्वातंत्र्य, ‘बहाल’ केले जाई. मरावे की जगावे ही निवड त्यात नव्हती. मरण ठरलेलेच असे, फक्त ते कसे आणि कोणाच्या हातून यावे, एवढाच प्रश्न उरत असे. सत्ताधाऱ्याच्या अंगाला तोशीस लागत नसे, वधस्तंभाचा गाजावाजा होत नसे आणि कागदोपत्री माणूस आपल्या मर्जीने गेलेला असे.

इ.स. ६५ मधला तत्त्वज्ञ सेनेकाचा प्रसंग याचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे. सम्राट नीरो लहान असताना सेनेका त्याचा शिक्षक होता आणि पुढे त्याचा सल्लागार झाला. नीरोविरुद्धच्या पिसोच्या कटात सेनेकाचे नाव गोवले गेले. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिले आहे की, सेनेकाची चौकशी करून परतलेल्या अधिकाऱ्याला नीरोने विचारले, ‘सेनेका स्वेच्छामरणाची तयारी करतो आहे का?’ अधिकाऱ्याने सांगितले की त्याच्या बोलण्यात किंवा चेहऱ्यावर भीतीची वा खेदाची कोणतीही खूण दिसली नाही. त्यावर त्याच अधिकाऱ्याला परत जाऊन मरणाची आज्ञा कळवण्यास सांगण्यात आले. हा अधिकारी, गेव्हियस सिल्व्हानस, स्वतः त्या कटात सामील होता, पण तरीही तो हुकमाचा ताबेदार राहिला. सेनेकाला मृत्युपत्रात बदल करण्याची परवानगीही मिळाली नाही.

‘स्वेच्छामरणाची तयारी आहे का’ हा प्रश्न सम्राट विचारतो आणि उत्तर नकारार्थी आले की आज्ञा पाठवतो, या एका संवादात त्या काळातील ‘स्वेच्छा’ या शब्दाची खरी किंमत कळते. नंतरच्या शतकांतील चित्रकारांनी सेनेकाचा शेवट शांत आणि भव्य करून रंगवला. त्या चित्रांच्या चौकटीबाहेर मात्र एक सैनिक उभा आहे आणि त्याला विसरून हा प्रसंग समजून घेता येत नाही.

निकालाआधी आरोपी मरण पावला तर त्याच्या मालमत्तेचे काय होई?

प्रश्न रुक्ष वाटला तरी अनेक कुटुंबांचे भवितव्य याच उत्तरावर अवलंबून होते. इ.स. ३४ च्या घटना सांगताना टॅसिटस सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीविषयी लिहितो की, दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त होत असे आणि त्यांना अंत्यसंस्कारही नाकारले जात. ज्यांनी आधीच स्वतःविषयी निर्णय घेतला त्यांचे दफन होऊ दिले जाई आणि त्यांची मृत्युपत्रे ग्राह्य राहत. टॅसिटसने याला ‘घाई केल्याचे मोल’ असे म्हटले आहे. मुलाबाळांच्या तोंडचा घास वाचवायचा असेल तर बापाने खटल्याची वाट पाहू नये, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता. न्यायाधीशापुढे बचाव मांडण्याचा हक्क त्यामुळे आपोआपच संपत असे.

अर्थात हे मोल दर वेळी मिळतच असे, असे नाही. टायबेरियसचा दत्तक पुत्र जर्मेनिकस याच्या मृत्यूच्या संशयावरून इ.स. २० मध्ये नेयस पिसोवर (हा नीरोविरुद्धच्या कटातला पिसो नव्हे) खटला चालला आणि तो संपण्यापूर्वीच पिसो मरण पावला. सिनेटचा त्यासंबंधीचा ठराव स्पेनमध्ये सापडलेल्या कांस्यपटांवर कोरलेला आहे. त्याला जी शिक्षा व्हायला हवी होती तिच्यातून त्याने स्वतःला सोडवून घेतले, अशी त्यातली भूमिका आहे. त्याच्यासाठी घरच्या स्त्रियांनी शोक करू नये आणि त्याचे पुतळे हटवावेत, असेही त्यात फर्मावले आहे. एकाच राजवटीत हे मरण कधी सोय मानले गेले आणि कधी पळवाट. कशाला काय म्हणायचे, हे सम्राटाच्या आणि सिनेटच्या गरजेवर ठरत होते.

पुढे इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कायदेपंडितांनी नियम अधिक काटेकोर केले. गंभीर आरोपाखाली असलेल्या माणसाने अपराधाच्या जाणिवेने जीव दिला, तर त्याची मालमत्ता सरकारजमा होई. आजारपण, असह्य वेदना किंवा ‘तेडियुम व्हिते’, म्हणजे जगण्याचा वीट, हे कारण असेल तर ती वारसांकडे राही. रोमन कायद्याला कृतीपेक्षा तिच्यामुळे खजिन्याचे काही बुडते का, याची अधिक काळजी होती.

सैनिक, गुलाम आणि सामान्य लोक यांनाही असे स्वातंत्र्य होते का?

आपल्याला माहीत असलेली जवळजवळ सर्व प्रसिद्ध उदाहरणे सिनेटर आणि त्यांच्या कुटुंबांतली आहेत, कारण इतिहास लिहिणारेही त्याच वर्गातले होते. त्या वर्गाबाहेर पाऊल टाकताच चित्र पालटते.

सैनिकाचे शरीर राज्याच्या मालकीचे मानले जाई. सम्राट हेड्रियनच्या आदेशानुसार, ज्या सैनिकाने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि तो वाचला, त्याने आजार, शोक, वेड किंवा जगण्याचा वीट यांपैकी कारण दाखवले तर त्याला अपमानास्पदरीत्या सेवेतून काढले जाई. असे कारण नसेल तर त्याला देहदंड होता. मरू पाहणाऱ्याला मृत्यूची शिक्षा देण्यातील विसंगती त्या काळातल्या अधिकाऱ्यांना जाणवली नसावी, पण मानसिक यातना हे सौम्य वागणुकीचे कारण ठरू शकते, एवढे तरी त्यात मान्य केलेले आहे.

गुलामांच्या बाबतीतला नियम वाचताना अंगावर काटा येतो. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आदेशानुसार, विक्रीस काढलेल्या गुलामाने पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केला असल्यास विक्रेत्याने ते जाहीर करणे बंधनकारक होते. जनावराचा खोडसाळपणा सांगावा तसा हा मालातला दोष मानला जाई. कायदेपंडित उल्पियनने याचे कारण असे दिले आहे की, जो स्वतःवर हात उगारतो तो दुसऱ्यावरही उगारेल. जी कृती सिनेटरने केली की धैर्याची ठरे, तीच गुलामाने केली की नुकसानभरपाईच्या दाव्याचा विषय होई.

सामान्य लोकांच्या भावना कळण्याची साधने थोडी आहेत, पण त्यांपैकी एक फार बोलके आहे. रोमजवळच्या लानुव्हियम या गावात गरीब लोकांनी दरमहा वर्गणी काढून अंत्यसंस्काराचा खर्च भागवणारे एक मंडळ चालवले होते आणि गुलामही त्याचे सभासद होऊ शकत. आपल्याकडच्या भिशीची किंवा वर्गणीच्या मंडळाची आठवण करून देणारी ही व्यवस्था होती. इ.स. १३६ मधील त्याच्या नियमावलीत, कोणत्याही कारणाने स्वतःचा जीव घेणाऱ्याच्या अंत्यविधीचा खर्च मंडळ करणार नाही, असे कलम आहे. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तत्त्वज्ञांनी केलेले बारीक भेद या सभासदांनी बाजूला ठेवलेले दिसतात.

स्त्रियांकडून काय अपेक्षा होती?

रोमन प्रजासत्ताकाची जन्मकथाच ल्युक्रेशियाच्या मरणापासून सुरू होते. राजपुत्राने बलात्कार केल्यानंतर तिने प्राण दिले आणि त्यातून उसळलेल्या क्षोभामुळे राजेशाही उलथली, अशी ही आख्यायिका असून परंपरेने तिचा काळ इ.स.पू. ५०९ धरला जातो. अत्याचार सोसलेल्या स्त्रीनेच मरून आपले निर्दोषत्व सिद्ध करावे, ही या कथेतली अपेक्षा क्रूर आहे आणि शतकानुशतके ती आदर्श म्हणून सांगितली गेली, हे त्याहून क्लेशदायक आहे. सर्व्हिलिया नावाच्या, वीस वर्षांचीही न झालेल्या तरुणीला इ.स. ६६ मध्ये तिच्या वडिलांबरोबरच ‘मृत्यूची निवड’ देण्यात आली. वडिलांवर आलेल्या संकटाच्या काळजीने ती ज्योतिषांकडे गेली होती, एवढाच तिचा अपराध होता.

सर्वांत प्रसिद्ध नाव अॅरियाचे आहे. इ.स. ४२ च्या फसलेल्या बंडात तिचा पती सिसिना पिटस दोषी ठरला आणि पतीला धीर देण्यासाठी तिने त्याच्या आधी प्राण दिले. तिचे अखेरचे शब्द रोममध्ये घरोघर माहीत होते. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने मात्र आपल्या एका पत्रात तिच्याविषयी वेगळीच गोष्ट सांगितली आहे, जी त्याला तिच्या नातीकडून, फॅनियाकडून कळली होती. पूर्वी एकदा पती आणि मुलगा दोघेही अत्यवस्थ असताना मुलगा वारला. अॅरियाने त्याचा अंत्यविधी पतीच्या नकळत उरकला. मुलगा कसा आहे, असे पतीने विचारले की ती सांगत असे, ‘चांगली झोप लागली, आवडीने जेवला.’ डोळे भरून आले की ती खोलीबाहेर जाई, मनसोक्त रडे, डोळे पुसून परत येई. काही कृत्ये अधिक प्रसिद्ध असतात आणि काही अधिक मोठी असतात, असे प्लिनी म्हणतो आणि हे दुसरे कृत्य त्याला मोठे वाटते. त्या कृत्यामागे कीर्तीचे कोणतेही आश्वासन नव्हते. अॅरियाची गोष्ट सांगताना तिचे फक्त अखेरचे शब्द सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे.

खुद्द सम्राटांच्या बाबतीत काय घडले?

सिनेटने शत्रू घोषित केल्यावर लपून बसलेला नीरो इ.स. ६८ मध्ये पकडले जाण्याच्या भीतीने मेला आणि त्याची कोणी स्तुती केली नाही. पुढच्याच वर्षी ओथोने, लढा चालू ठेवण्यास सैनिक तयार असताना, यादवी युद्धात आणखी रोमन रक्त सांडू नये म्हणून प्राण दिले, असे प्राचीन लेखक सांगतात. कवी मार्शलने त्याची तुलना कॅटोशी केली. ओथोची सत्ता मुळात खून आणि बंड यांतून आलेली होती, हे मात्र या कौतुकात झाकले गेले. चांगल्या शेवटाने आधीचे आयुष्य धुऊन निघते, ही रोमन धारणा राज्यकर्त्यांच्या हिशेबासाठी धोक्याची होती.

सर्व रोमन विचारवंतांचे या बाबतीत एकमत होते का?

मुळीच नव्हते. सिसेरोनेच ‘स्किपिओचे स्वप्न’ या भागात सांगितले आहे की, ज्याने माणसाला शरीराच्या पहाऱ्यावर नेमले त्याच्या आज्ञेशिवाय ती जागा सोडता येत नाही. व्हर्जिलच्या महाकाव्यातील पाताळलोकात, कोणताही अपराध नसताना स्वतःचे आयुष्य फेकून दिलेल्यांचे एक उदास ठिकाण आहे. पुन्हा वरच्या उजेडात येता आले तर दारिद्र्य आणि काबाडकष्टसुद्धा आनंदाने सोसू, असे त्या आत्म्यांना वाटते. रोमच्या शाळांतून मुले हेच काव्य पाठ करत असत.

प्लिनीने टायटियस अॅरिस्टो या आजारी मित्राविषयीही लिहिले आहे. अॅरिस्टोने मित्रांना वैद्यांकडून खरे निदान विचारून घेण्यास सांगितले. दुखणे असाध्य असेल तर आपण आयुष्याचा निरोप घेऊ, पण ते केवळ दीर्घ आणि कठीण असेल तर बायकोच्या विनवण्या, मुलीचे अश्रू आणि मित्रांची आशा यांसाठी सोसत राहू, असे त्याचे म्हणणे होते. वैद्यांनी आशा दाखवली आणि तो सोसत राहिला.

ख्रिस्ती धर्मामुळे दृष्टिकोन कसा पालटला?

इ.स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले आणि अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांपैकी ज्या जिवंत राहिल्या त्यांना टोमणे ऐकावे लागत होते. संत ऑगस्टीनने लिहायला घेतलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या स्त्रियांची बाजू मांडली: अपराध अत्याचार करणाऱ्याचा आहे, मन निष्कलंक असताना शरीरावर झालेल्या बळजबरीसाठी मरण्याचे काहीही कारण नाही. याच ओघात त्याने ल्युक्रेशियाची आणि कॅटोची चिकित्सा केली. सीझरच्या राज्यात जगणे लाजिरवाणे होते, तर कॅटोने आपल्या मुलाला सीझरच्या क्षमेवर का सोपवले, हा त्याचा प्रश्न बिनतोड आहे.

पुढे चर्चने या भूमिकेतली करुणा मागे ठेवली आणि बंदी तेवढी पुढे नेली. अशा मृतांना धार्मिक अंत्यविधी नाकारले गेले आणि युरोपातील राज्यांनी तो फौजदारी गुन्हा ठरवला. इंग्लंडमध्ये तो गुन्हा रद्द होण्यास १९६१ साल उजाडावे लागले.

आज भारतात कायदा काय सांगतो?

इंग्रजांनी १८६० मध्ये आणलेल्या भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या खटल्यातील अर्जदार मानसिक आजाराने त्रस्त असलेला एक पोलीस शिपाई होता, त्यामुळे हेड्रियनच्या सैनिकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरवून कलम वैध ठरवले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने खरा पालट घडवला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्यात गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवला जात नाही आणि तिच्यावरील उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ हे कलम राहिलेले नाही.

तथापि त्याच संहितेत २२६ वे कलम आहे. लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. खासगी यातनेला कायद्याने सहानुभूती दिली, पण सत्तेवर दबाव आणणाऱ्या कृतीला गुन्ह्याच्या कक्षेतच ठेवले. उपोषणांवरही याचा वापर होईल का, अशी शंका कायद्याच्या अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. सत्तेला हे मरण खासगी असेपर्यंत चालते आणि त्याने सत्तेलाच प्रश्न विचारला की चालत नाही. टायबेरियसच्या काळापासून ही रेषा फारशी पुसट झालेली नाही.

असाध्य आजारातील निर्णय हा वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याविषयीच्या पूर्वसूचनापत्राला मान्यता दिली. अॅरिस्टोने वैद्यांना विचारलेला प्रश्न आज रुग्णालयांच्या वैद्यकीय मंडळांपुढे येतो, पण त्याची आत्महत्येशी सरमिसळ करू नये.

सत्तेने सक्तीने ‘स्वेच्छा’ घडवून आणल्याची आधुनिक उदाहरणे आहेत का?

आहेत आणि त्यांतले एक तर थेट टायबेरियसच्या रोममधून उचलल्यासारखे आहे. हिटलरविरुद्धच्या कटाशी संबंध असल्याच्या आरोपावरून १४ ऑक्टोबर १९४४ रोजी फील्ड मार्शल एर्विन रोमेलच्या घरी दोन सेनाधिकारी आले. खटल्याला सामोरे जायचे, किंवा स्वतःचा शेवट करून घ्यायचा आणि त्या बदल्यात कुटुंबाला अभय आणि सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार मिळवायचे, असे दोन पर्याय त्याच्यापुढे ठेवले गेले. लोकांना सांगण्यात आले की रोमेल युद्धातील जखमांमुळे वारला. ‘घाई केल्याचे मोल’ अठराशेहून अधिक वर्षांनंतरही तेच होते. फरक इतकाच की रोमन सत्ता हे मरण उघडपणे स्वेच्छेचे म्हणून सांगे, तर नाझी सत्तेला तेही लपवावे लागले.

राजकीय निषेध म्हणून दिलेल्या प्राणांकडे आज कसे पाहावे?

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद येथे मोहम्मद बुअझीझी या तरुण भाजीविक्रेत्याचा माल अधिकाऱ्यांनी जप्त केला. त्यानंतरच्या त्याच्या कृतीतून देशभर उठाव झाला. ४ जानेवारी २०११ रोजी तो मरण पावला आणि त्यानंतर दहाच दिवसांत तेवीस वर्षे सत्तेवर असलेला अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. कॅटोचे युटिका याच देशात आहे. पण कॅटोला नकार देण्यासाठी समोर क्षमा तरी होती. बुअझीझीचे म्हणणे ऐकून घ्यायलाच कोणी तयार नव्हते.

त्या जानेवारीत अल्जीरिया आणि इजिप्तमध्येही काही जणांनी त्याचे अनुकरण केले. त्यांची नावे आज कोणाच्या ध्यानात नाहीत आणि त्यांच्यामुळे त्या दिवशी कोणतीही सत्ता कोसळली नाही. इतिहास एका मरणाला निमित्त बनवतो आणि त्याच वाटेने गेलेल्या इतरांना विसरतो, म्हणून अशा कृतींचे गौरवगान करण्याची जबाबदारी कोणीही हलक्या हाताने घेऊ नये. उठाव यशस्वी केला तो दिवसेंदिवस रस्त्यावर उतरलेल्या जिवंत माणसांनी.

आपल्याकडील प्रायोपवेशन किंवा आत्मार्पण या कल्पनांशी रोमन कल्पनेची तुलना होऊ शकते का?

मर्यादित प्रमाणात होऊ शकते. स्वा. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्नपाणी त्यागण्यापूर्वी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख लिहिला होता आणि विनोबांनी १९८२ मध्ये अखेरच्या आजारात अन्न व औषधे नाकारली. जीवनकार्य पूर्ण झाल्याची भावना हा या परंपरेचा आधार आहे. सेनेका किंवा नीरोला विरोध करणारा सिनेटर थ्रासिया यांच्या दारात मात्र सम्राटाचा हुकूम घेऊन माणूस उभा होता. कृती वरवर सारखी दिसली तरी हुकूम असणे आणि नसणे हा फरक ओलांडता येत नाही.

वर्तमानपत्रांनी आणि लेखकांनी रोमन उदाहरणे वापरताना कोणती काळजी घ्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दर वर्षी सात लाखांहून अधिक माणसे अशा प्रकारे जीव गमावतात आणि वार्तांकनाच्या पद्धतीचा इतरांवर परिणाम होतो. ‘जीवनयात्रा संपवली’ यांसारखे सजवलेले शब्द, पद्धतीचे तपशील, एकच एक कारण ठामपणे सांगणे आणि मृताला वीर ठरवणे या गोष्टी टाळाव्यात. कर्ज, परीक्षा किंवा नैराश्य यांनी पिचलेल्या माणसाच्या बातमीत कॅटोचा दाखला देणे तर सर्वथा अनुचित आहे.

सेनेकाने जगत राहण्याविषयी काही लिहिले आहे का?

लिहिले आहे, पण ते फारसे उद्धृत केले जात नाही. मित्र ल्युसिलियसला लिहिलेल्या ७८ व्या पत्रात तो सांगतो की, तरुणपणी दीर्घ आजाराने आपण अगदी खंगलो होतो आणि आयुष्य संपवण्याचा विचार अनेकदा मनात येत असे. त्याला अडवले ते म्हाताऱ्या, प्रेमळ वडिलांच्या विचाराने. मी किती धैर्याने मरू शकेन याचा विचार न करता, माझा वियोग त्यांना किती धैर्याने सोसता येईल याचा मी विचार केला, असे तो लिहितो आणि कधी कधी जगणे हेच धैर्याचे काम असते, असे पुढे म्हणतो. २४ व्या पत्रात तर त्याने मरणाच्या ओढीपासूनही सावध राहण्यास सांगितले आहे.

१०४ व्या पत्रात तो वृद्ध झालेला आहे. ताप येऊ लागल्यावर तो रोम सोडून नोमेन्टम येथील आपल्या मळ्यावर जातो आणि पत्नी पॉलिनाच्या जिवाला आपली काळजी लागून राहते, तिचा श्वास आपल्या श्वासावर अवलंबून आहे, म्हणून आता तिच्यासाठी आपण स्वतःला जपू लागलो आहोत, असे लिहितो. नीरोची आज्ञा आली त्या दिवशी पॉलिनाने त्याच्याबरोबर मरण्याचा प्रयत्न केला, पण सम्राटाच्या हुकमावरून तिला वाचवण्यात आले. त्यानंतर ती आणखी काही वर्षे जगली, एवढे टॅसिटस नोंदवतो.